मशिनं वाटली, माल वाटला, नावाचं काय?

आमच्या मसाल्याच्या फर्मच्या ताळेबंदात दळायच्या यंत्राची, म्हणजे पल्व्हरायझरची, किंमत आहे, छोट्या टेम्पोची आहे, गोदामातल्या वजनकाट्याचीसुद्धा आहे. ज्या नावावर मिरजेपासून विट्यापर्यंतचे दुकानदार नुसत्या फोनवर ऑर्डर देतात, त्या नावापुढे मात्र काहीच नाही. तशी ओळच नाही. ट्रेडमार्कच्या नूतनीकरणाची फी दर दहा वर्षांनी खर्चात पडलेली दिसते, तेवढीच. फर्मचे हिशेब मीच बघते आणि त्यात मला कधी वावगं वाटलं नव्हतं. लेखामानक 26 प्रमाणे स्वतः घडवलेला ब्रँड मालमत्ता म्हणून पुस्तकात घेताच येत नाही, कारण त्यावर झालेला खर्च धंद्याच्या एरवीच्या खर्चातून वेगळा काढता येत नाही. तेच नाव उद्या कुणी विकत घेतलं, तर त्याच्या पुस्तकात ते पूर्ण किमतीला चढतं आणि वर 25 टक्के घसाराही, म्हणजे झिजेपोटी दरवर्षीची वजावटही, मिळतो. ज्याने घडवलं त्याच्याकडे निरंक, ज्याने घेतलं त्याच्याकडे मालमत्ता, असा हा न्याय.

हा विषय निघाला तो आप्पांच्या निवृत्तीमुळे. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. आजोबांनी सांगलीत कांदा-लसूण मसाल्याचा धंदा काढला, त्यांच्यामागे आप्पा आणि दादा, म्हणजे माझे वडील, यांनी भागीदारीत वाढवला. आप्पांना आता गुडघ्यांनी साथ द्यायची बंद केली आणि त्यांच्या मुलाला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. भांडण नव्हतं. जागेचा भाव काढला, मशिनं चार्टर्ड इंजिनियरने बघितली, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचा साठा वजनावर वाटला. सगळं झाल्यावर आप्पा म्हणाले, "मशिनं वाटली, माल वाटला. नावाचं काय?"

चुलतभावाकडे उत्तर तयार होतं. पुणे, मुंबई आमची आणि सांगली, सातारा, कोल्हापूर तुमचं, नाव दोघांचं. ऐकायला किती सोपं. वकिलांनी ते तिथल्या तिथे मोडीत काढलं. एकाच ट्रेडमार्कचे देशाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे मालक होतील अशा हस्तांतराला ट्रेडमार्क कायद्याची आडकाठी आहे. रजिस्ट्रारने खास मंजुरी दिली तरच ते चालतं. आणि गिऱ्हाईक काही जिल्ह्याची हद्द बघून मसाला घेत नाही. आमच्या मसाल्याची निम्मी पाकिटं तर पुण्यात शिकणाऱ्या पोरांच्या पिशवीतूनच जातात. किर्लोस्करांनी नाव किर्लोस्कर प्रोप्रायटरी या वेगळ्या कंपनीच्या मालकीचं ठेवलं आणि समूहातल्या कंपन्या ते परवानगीने वापरतात, हे आप्पांना ठाऊक होतं. तसं करू या का, असं त्यांनी विचारलंही. वकील म्हणाले, करता येईल, पण मग मसाल्याचा दर्जा कुणी तपासायचा, एकाच्या मालात भेसळ निघाली तर दुसऱ्याचं काय, हे सगळं लिहावं लागेल. दादांनी मान हलवली ती नकाराचीच. म्हणजे नाव एकाकडेच राहणार होतं आणि दुसऱ्याला पैसे मिळणार होते. किती, हा प्रश्न उरला.

किंमत ठरवून देणारा व्हॅल्युअर शोधताना एकाने फोनवर आधी हेच विचारलं की आकडा मोठा पाहिजे का लहान. त्याला नमस्कार केला. भागीदारी फर्मला नोंदणीकृत व्हॅल्युअरच हवा अशी सक्ती नाही, पण पुढे प्रायव्हेट लिमिटेड करायचं मनात होतं, म्हणून सीएंनी सुचवलं की आयबीबीआयकडे, म्हणजे व्हॅल्युअरांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, नोंद असलेलाच माणूस घ्या. तिथे व्हॅल्युअरांचे तीन वर्ग आहेत: जमीन-इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. नाव-बिव या तिसऱ्या वर्गात येतं. पुण्याच्या एक मॅडम मिळाल्या. त्यांच्याकडे लोक का येतात, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं. बहुतेक घरच्या वाटण्या, त्या म्हणाल्या. मग भागीदारीची कंपनी करणारे, गुंतवणूकदार आत घेणारे, दुसऱ्याला आपल्या नावाने माल काढू देणारे, आणि नक्कल करणाऱ्यावर दावा लावून भरपाई मागणारे. "कशासाठी पाहिजे ते आधी सांगा," असं त्यांनी बजावलं, "कारण आकडा त्यावर बदलतो." तेव्हा मला ही पळवाट वाटली होती.

मॅडमनी आधी विक्रीचे आकडे मागितलेच नाहीत. नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं. ते आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, 1958 च्या जुन्या कायद्याखालचं, जेव्हा नोंदणी सात वर्षांची असायची. मी रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून शोधलं. मालक: आजोबांचं नाव. फर्म नाही, आप्पा नाहीत, दादा नाहीत. आजोबा 1998 ला गेले, आणि मुंबईचा एजंट त्यांच्याच नावाने नूतनीकरण करत राहिला होता. नोंदणी फक्त वर्ग 30 मधली, म्हणजे मसाल्याची. आम्ही त्याच नावाने लोणचं विकतो. ते पडतं वर्ग 29 मध्ये. आणि नोंदवलेलं लेबल होतं जुनं, पिवळं. डंकावर मिरची कांडणाऱ्या बाईचं आत्ताचं लाल लेबल कुठेच नोंदलेलं नव्हतं.

वकिलांचं म्हणणं पडलं की धंदा फर्मचा होता, भागीदारी कायद्यात फर्मच्या नावलौकिकालाही फर्मची मालमत्ताच धरलंय, तेव्हा नाव फर्मचंच असा युक्तिवाद करता येईल. पण दप्तरात आजोबा आहेत आणि त्यांचे वारस नुसते दोन मुलगे नाहीत. दोन मुली पण आहेत. आजी नाही. म्हणजे चार वारस. माझ्या दोन्ही आत्यांचा विचार या सगळ्यात कुणीच केला नव्हता. आप्पा म्हणाले, "त्या काय, सही करतील." दादाही तेच म्हणाले. दोघांचं एकमत झालेली ती त्या आठवड्यातली बहुधा एकमेव गोष्ट.

मग विक्री आली. एकूण उलाढाल घेऊन त्यावर गुणाकार करायचा, असा आप्पांचा समज. मॅडमनी मला खतावणी फोडायला लावली: नावाच्या पाकिटात किती जातं आणि पोत्यातून किती. खानावळी, धाबे, मिसळवाले पंचवीस किलोच्या पोत्यात घेतात, पोत्यावर मार्करने फक्त तिखटाचा नंबर लिहिलेला असतो. त्यांना चव आणि भाव पाहिजे, उधारी पाहिजे. उद्या दुसऱ्याने किलोमागे दहा रुपये कमी लावले तर जातील. ही सगळी विक्री मॅडमनी हिशेबातून बाहेर काढली. जवळजवळ निम्मी. आप्पा चिडले. चाळीस वर्षं पहाटे उठून हॉटेलवाल्यांना माल त्यांनीच पोचवला होता. "मग ते काय नावावाचून आलं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ते तुमच्यामुळे आलं. त्याची किंमत आहे, पण ती ट्रेडमार्कची नाही."

हळदीच्या पाकिटाचाही असाच घोळ. आमच्या हळदीवर सांगलीचं नाव ठळक आहे. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ते मानांकन कुणाला विकता येत नाही, वाटून घेता येत नाही. गिऱ्हाईक सांगली बघून घेतं का आमचं नाव बघून? मॅडमनी हळदीच्या विक्रीला कात्री लावली. ती जरा जास्तच लागली असं मला अजूनही वाटतं, कारण सांगलीत हळद सगळेच विकतात आणि तरीही लोक आमचीच मागतात. पण सिद्ध कसं करणार?

मग त्या म्हणाल्या, दुकानं बघू. मिरजेत एका किराणा दुकानात आम्ही उगाच शेंगदाण्याचा भाव विचारत उभे राहिलो. एक बाई आल्या. "तो लाल पाकिटातला द्या, डंकवाल्या बाईचा." नाव घेतलंच नाही. दुकानदाराने न बघता हात मागे नेला आणि आमचं पाकीट ठेवलं. मी खूश. दोन गल्ल्या पुढच्या दुकानात परत तसंच कुणीतरी लाल पाकीट मागितलं, आणि काउंटरवर आलं ते दुसऱ्याच कुणाचं: लाल, डंक, बाई, फक्त बाईची साडी हिरवी. घेणाऱ्याने बघितलंसुद्धा नाही. मॅडमनी ते पाकीट विकत घेतलं आणि पिशवीत टाकलं. बाहेर आल्यावर विचारलं, नोटीस दिली होती का? नव्हती दिली. नोंद नसलेल्या लेबलासाठीही कोर्टात जाता येतं, पण आपली ओळख बाजारात आहे हे सगळं पुराव्यानिशी उभं करावं लागतं. नोंद असती तर काम सोपं होतं. अहवालात ही गोष्ट जोखीम म्हणून आली आणि वटावाचा दर, म्हणजे पुढच्या पैशांची आजची किंमत काढताना कापायचा दर, तेवढा चढला.

पद्धतींबद्दल फार लिहीत नाही. खर्चाची पद्धत म्हणजे आजवर नाव रुजवायला काय लागलं त्याची बेरीज: एसटी स्टँडच्या भिंती, जत्रांमधले स्टॉल, दिवाळी अंकातल्या जाहिराती. त्यातून काहीतरी हास्यास्पद आकडा निघतो, कारण आमच्या नावाला पैसे कमी आणि वर्षं जास्त लागलीत. बाजारभावाच्या पद्धतीला तसंच दुसरं विकलं गेलेलं नाव पाहिजे, आणि घरगुती मसाल्याची नावं विकली गेली तरी भाव कुणी सांगत नाही. उरली रॉयल्टीची पद्धत. आपल्याच घराला आपण भाडेकरू असतो तर भाडं किती दिलं असतं, तसा हा हिशेब: नाव दुसऱ्याचं असतं तर शंभर रुपयांच्या विक्रीमागे त्याला काय मोजलं असतं? मालक असल्यामुळे जे वाचतं, ते पुढच्या सगळ्या वर्षांचं आजच्या किमतीला आणायचं.

हा प्रश्न मॅडमनी दोघा भावांना समोरासमोर बसवून विचारला. दादा म्हणाले, "एक रुपया." आप्पा म्हणाले, "पाच."

मी आजवर बघितलेल्या गमतींमध्ये ही वरची. जन्मभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक प्रवासात या नावाची टिमकी वाजवणारे माझे वडील त्या दुपारी पोटतिडकीने सांगत होते की नावात काय आहे, चव पाहिजे, माल पाहिजे. आणि ‘पाकीट महत्त्वाचं नाही, मिरची महत्त्वाची’ असं कामगारांना रोज ऐकवणारे आप्पा सांगत होते की लोक नाव बघूनच घेतात. जो राहणार त्याला नाव स्वस्त हवं, जो जाणार त्याला महाग.

मॅडमनी दोघांनाही बाजूला ठेवून बाहेरचे दर दाखवले. टाटा सन्सने नव्वदच्या दशकात ठरवलेला दर: टाटा हे नाव थेट वापरणाऱ्या कंपनीकडून उलाढालीच्या 0.25 टक्के, तेही करपूर्व नफ्याच्या 5 टक्क्यांच्या आत. दुसऱ्या टोकाला हिंदुस्थान युनिलिव्हर: 2023 च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की परदेशातल्या मूळ कंपनीला द्यायची रक्कम 2.65 वरून टप्प्याटप्प्याने 3.45 टक्क्यांवर जाईल, पण त्यात तंत्रज्ञान आणि इतर सेवाही आल्या. दादांनी अर्थातच टाटा धरले. मॅडमचं म्हणणं, टाटांचा दर समूहातल्या कंपन्यांचा आहे, तो मसाल्याच्या पाकिटाला लागत नाही. त्यांनी आमचा धंद्याचा नफा बघितला, आमचं दोनशे ग्रॅमचं पाकीट आणि बचत गटाचं तसंच पाकीट यांच्या भावातला फरक बघितला, त्यातून चांगल्या पाउचचा आणि स्कीमचा खर्च वजा केला, आणि 2 टक्क्यांवर आल्या.

खरे आकडे इथे देत नाही, आप्पांना आवडणार नाही. पण गणित कसं चालतं ते बघा. समजा नावाच्या पाकिटांची विक्री वर्षाला 6 कोटी. 2 टक्क्यांनी 12 लाख. त्यावर फर्मचा 31.2 टक्के कर गेला की साधारण सव्वाआठ लाख उरले. वटावाचा दर 18 टक्के, विक्रीची वाढ वर्षाला 5 टक्के धरली, तर 18 मधून 5 वजा करून सव्वाआठला 13 टक्क्यांनी भागायचं: साडेत्रेसष्ट लाखांच्या आसपास. आता रॉयल्टी 3 टक्के करा, पंचाण्णव लाख होतात. 1 टक्का करा, बत्तीसच्या आत. रॉयल्टी 2 टक्केच ठेवून नुसता वटाव 16 केला, तर पंचाहत्तर. ही वजाबाकी-भागाकार मी घरी एक्सेलमध्ये किती वेळा केली असेल! लेबल वेळेवर नोंदवलेलं असतं तर ते वरचे दोनेक टक्के वाचले असते, आणि त्या दोन टक्क्यांची किंमत दहा-बारा लाख होती. रजिस्ट्रीची फी होती हजारांत.

अहवाल हातात आल्यावर चुलतभावाच्या डोक्यात आलं की यावर बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घेऊ. बँकेतल्या साहेबांनी अहवाल कौतुकाने चाळला आणि विचारलं, तारण काय देताय? चुलतभाऊ म्हणाला, किंगफिशरला नाही का दिलं नावावर? दिलं होतं खरं. त्या नावाचं मूल्यांकन चार हजार कोटींच्या वर होतं. विमानं 2012 मध्ये जमिनीवर आली आणि 2016 च्या एप्रिलमध्ये बँकांनी ते नाव 366.70 कोटींच्या राखीव किमतीला लिलावात काढलं, तर एकही बोली आली नाही. साहेब हसले, आम्हीही हसलो, आणि चहा पिऊन आलो. मॅडम पहिल्या दिवशी जे म्हणाल्या होत्या त्याचा अर्थ मला त्या चहाबरोबर लागला. चालू धंद्यातला भाऊ भावाला जे देतो ती किंमत वेगळी, आणि धंदा बंद पडल्यावर बँकेला जे मिळेल ती वेगळी. दुसरी बहुतेक वेळा शून्याजवळच असते.

कराने अजून एक गाठ मारली. स्वतः घडवलेल्या नावाचा खरेदीखर्च कायद्याने शून्य, म्हणजे विकलं तर सगळी रक्कम नफाच. भागीदार बाहेर पडताना त्याला अशा नावापोटी जास्तीचे पैसे दिले, तर 2021 च्या बदलानंतर तो कर फर्मवर बसतो. म्हणजे आप्पांना द्यायच्या रकमेवरचा कर दादांच्या खिशातून. यावर परत एक बैठक, परत एक घासाघीस.

आत्यांच्या सह्या बाकी होत्या. थोरलीने फोनवरच सांगितलं, कागद पाठवा. धाकटी आत्या बँकेतून निवृत्त झालेली. तिने अहवालाची प्रत मागवली, वाचली, आणि हॉटेलची विक्री का वगळली तेही मला बरोबर विचारलं. मग म्हणाली, "बाबांच्या नावाचा भाव काढलात, चांगलं केलंत. माझा वाटा किती?" आप्पा गप्प. दादांनी युक्तिवाद केला की ती गेल्यावर, म्हणजे लग्न होऊन गेल्यावर, नाव वाढवलं ते दोघा भावांनी. तिने ते मान्य केलं. "मग बाबा गेले त्या दिवशीचा भाव काढा. तेवढ्यातलाच चौथा हिस्सा द्या, थोरलीलाही." मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, मूल्यांकनाची तारीख मागची धरता येते, फक्त तेव्हाची पुस्तकं पाहिजेत. 1998 ची चोपडी त्याच ट्रंकेत होती. आकडा लहान निघाला, पण निघाला. आमच्याकडे बहिणींचं हक्कसोडपत्र साडी-चोळीवर भागवायची रीत आहे. आत्याने आधीच सांगून टाकलं, "साडी आणू नका, चेक आणा." दोन चेक गेले.

वाटणी शेवटी कुणीच मनात न धरलेल्या रीतीने झाली. मॅडमनी विक्रीचे जे दोन ढीग केले होते, ते बघून चुलतभाऊच म्हणाला की हॉटेलचा धंदा मला द्या. त्याला नाव लागतच नाही आणि ओळखी आप्पांच्या आहेत. कुपवाडचं गोदाम, एक पल्व्हरायझर आणि पोत्यातली सगळी विक्री त्याच्याकडे गेली. पाकिटं, लोणचं, नाव आमच्याकडे राहिलं. वरची तफावत आप्पांना हप्त्यांनी. जाणाऱ्या भागीदाराने फर्मचं नाव वापरायचं नाही हे करार नसला तरी कायद्यातच आहे, तरी आम्ही लिहून घेतलं, लाल रंगासकट.

रजिस्ट्रीत मालकबदलाचा अर्ज टाकलाय, आजोबा अजून दप्तरात मालक आहेत. नव्या लेबलाचा अर्ज दोन वर्गांत केला, वर्गाला 4,500 रुपये, लघुउद्योगाची सवलत धरून. हिरव्या साडीवाल्याला नोटीस गेली. त्याचं उत्तर आलेलं नाही, पण मिरजेत त्याच्या पाकिटावरची बाई गायब झाल्याचं आमचा सेल्समन सांगतो.

आणि चुलतभावाचा गेल्या आठवड्यात फोन आला. पोत्यावर नुसता मार्करचा नंबर बरा दिसत नाही, एक नाव सुचलंय, वर्ग 30 मध्ये शिल्लक आहे का बघशील? बघितलं. इंदूरच्या कुणीतरी आधीच अर्ज टाकलेला होता. त्याला म्हटलं, दुसरं शोध, आणि या वेळी अर्ज फर्मच्या नावाने कर.